आमच्या पेन्शनला निर्देशांक लावा: विश्वस्त मंडळाला एका टाइमकीपरचं खुलं पत्र

प्रति,
अध्यक्ष व सर्व विश्वस्त,
केंद्रीय विश्वस्त मंडळ,
कर्मचारी भविष्य निर्वाह निधी संघटना, नवी दिल्ली

स. न. वि. वि.

मी खान्देशातल्या एका सहकारी सूतगिरणीत टाइमकीपर होतो. गेटवरची हजेरी, पगारपत्रक, फंडाची चलनं, नवीन माणसाचे नॉमिनेशन फॉर्म, गेलेल्या माणसाच्या बायकोचे क्लेम, हे सगळं माझ्या टेबलावरून जायचं. २००८ मध्ये गिरणीला टाळं लागलं. टेबल गेलं, पण फॉर्म काही सुटले नाहीत. अजूनही आमच्या गिरणीची म्हातारी माणसं कागदांची पिशवी घेऊन माझ्या ओट्यावर येऊन बसतात. महागाईप्रमाणे पेन्शन वाढावी म्हणून लिहिलेलं हे पत्र त्यांच्या वतीने आहे आणि थोडंफार माझ्या स्वतःच्या वतीनेही, कारण १९९५ च्या हिवाळ्यात त्यांना जो शब्द दिला गेला तो माझ्या तोंडून गेला होता.

१६ नोव्हेंबर १९९५ पासून कर्मचारी पेन्शन योजना लागू झाली. त्याआधी १९७१ ची कुटुंब पेन्शन होती, म्हणजे माणूस गेला तर मागे राहिलेल्यांना काहीतरी मिळायचं. नवी योजना म्हणाली की माणूस जिवंत असतानाच, ५८ वर्षांनंतर, त्याला स्वतःला मिळेल. त्यासाठी मालकाच्या वाट्यातले ८.३३ टक्के फंडात न जाता पेन्शनकडे वळणार होते. वरून पत्रकं आली आणि लोकांना समजावून सांगायचं काम माझ्याकडे आलं.

सूत कातणाऱ्या रिंगफ्रेम खात्यातले एक जॉबर, म्हणजे मुकादम, होते, फार शिकलेले नव्हते पण हिशेबाला पक्के. पाळी सुटल्यावर ते माझ्या खिडकीशी आले आणि म्हणाले, "भाऊसाहेब, मालकाचा पैसा फंडात पडला तर व्याजासकट हातात येतो. पेन्शनमध्ये गेला तर मुद्दल पण दिसणार नाही. मग आमचा फायदा काय?" मी पत्रक वाचून दाखवलं. सांगितलं, सरकारही आपले १.१६ टक्के घालणार आहे. म्हातारपणी दर महिन्याला बँकेत पैसे येतील, पोरांपुढे हात पसरावा लागणार नाही, तुमच्यामागे वहिनींना मिळत राहील. माझा त्यावर विश्वास होता. त्या महिन्यात मी दोनशेच्या वर सह्या आणि अंगठे घेतले.

त्यांच्यापाठोपाठ १९९६ च्या सुरुवातीला एक डॉफर कामाला लागले. त्यांना आम्ही सगळे नाना म्हणतो. भरलेल्या बॉबिन उपसायच्या, रिकाम्या बसवायच्या, आठ तास. बारा वर्षं त्यांनी ते काम केलं. गिरणी बंद झाली तेव्हा त्यांचा पगार होता ४,२०० रुपये. त्या पगारावर महिन्याला मालकाच्या वाट्यातले साधारण ३५० रुपये त्यांच्या नावाने पेन्शनकडे जायला हवे होते आणि सरकारचे ४९. पुढे त्यांनी जिनिंगमध्ये हंगामी काम केलं, दुसऱ्याच्या शेतात कापूस वेचला. २०१३ मध्ये ५८ पूर्ण झाली तेव्हा त्यांचा टेन-डी, म्हणजे पेन्शन मागायचा, फॉर्म मीच भरला. सूत्र मला तोंडपाठ आहे: पगार गुणिले सेवेची वर्षं, भागिले ७०. ४,२०० गुणिले १२, भागिले ७०. सातशे वीस रुपये.

मी तो आकडा दोनदा तपासला. मग त्यांना सांगितला. नाना म्हणाले, "रोजचे चोवीस झाले," आणि फॉर्मवर सही केली.

१ सप्टेंबर २०१४ पासून सरकारने किमान पेन्शन १,००० रुपये केली. नानांना २८० रुपये वाढले. त्या वेळी आमच्या ओट्यावर खरोखर आनंद झाला होता, मी खोटं बोलणार नाही. सगळ्यांना वाटलं, गाडी रुळावर आली, आता दर दोन-तीन वर्षांनी थोडं थोडं वाढेल. त्यानंतर तो आकडा एका रुपयानेही हललेला नाही.

दरवर्षी हयातीचा दाखला काढायला नाना माझ्याकडे येतात. तुम्ही या कामात सुधारणा केल्या हे मी मोकळेपणाने मान्य करतो. पूर्वी नोव्हेंबरमध्येच दाखला द्यावा लागायचा आणि बँकेत माणसं जिन्यावर बसलेली असायची. आता वर्षात कधीही दिला तरी पुढे बारा महिने चालतो. जानेवारी २०२५ पासून पेन्शन देशातल्या कुठल्याही बँकेत, कुठल्याही शाखेत जमा होते. चेहरा दाखवून मोबाईलवर दाखला निघतो. नानांच्या बाबतीत तर हे वरदान आहे, कारण त्यांचा अंगठा मशीनवर उठत नाही. बोटांची टोकं गुळगुळीत झाली आहेत. अंगठ्याच्या मशीनपुढे मी त्यांचा हात ओल्या फडक्याने पुसायचो, थोडं तेल लावायचो, एकेक बोट करून दहाही बोटं लावून बघायचो. आता मोबाईल समोर धरतो, नाना टोपी काढतात, डोळे मिचकावतात, दाखला होतो. पाच मिनिटांत. त्यानंतर ते दरवर्षी एकच प्रश्न विचारतात, "भाऊसाहेब, यंदा वाढली का?"

या प्रश्नाचं उत्तर मला तुमच्याकडून हवं आहे. माझ्या कामातली एक गोष्ट सांगतो, म्हणजे मी काय मागतोय ते नीट कळेल.

गिरणीत महागाई भत्ता काढायचं काम माझ्याकडे होतं. औद्योगिक कामगारांचा ग्राहक किंमत निर्देशांक, म्हणजे महागाई मोजायचा आकडा, तुमच्याच श्रम मंत्रालयाचा लेबर ब्युरो दर महिन्याला काढतो. त्याचं कार्यालय सिमल्याला आहे. आम्हाला तो निर्देशांक कळला की मी वहीत लिहायचो, मागच्या आकड्याशी वजाबाकी करायचो आणि ठरल्याप्रमाणे भत्ता वाढायचा. कामगारांना निर्देशांक म्हणजे काय हे माहीत नव्हतं, पण "सिमल्याहून किती आला?" हे ते मला विचारायचे. तेल-तूरडाळ महागली की पगारपत्रकात दोन पैसे वाढतात, एवढी खात्री त्यांना होती. युनियन भांडून भांडून त्या जागी पोहोचली होती.

आता बघा. सप्टेंबर २०१४ मध्ये हा निर्देशांक २५३ होता. त्यानंतर पायाभूत वर्ष बदललं, २००१ ऐवजी २०१६ आलं, म्हणून आजचा आकडा लहान दिसतो. २०२५ च्या सप्टेंबरात तो साधारण १४७ होता. जुन्या मापात आणायला २.८८ ने गुणायचं, हा जोडगुणक लेबर ब्युरोनेच दिलेला आहे. होतात ४२३. म्हणजे २०१४ मध्ये १,००० रुपयांत जे येत होतं त्याला आता १,६७० च्या आसपास लागतात. उलटं मांडायचं तर नानांच्या खात्यात येणारे हजार रुपये २०१४ च्या भावाने सहाशेच्याही आत आले आहेत. किमान पेन्शन करताना सरकारने २८० रुपये वाढवले होते. महागाईने ते केव्हाच परत नेले आणि वर मूळच्या ७२० मधलेही सव्वाशे नेले.

कोणीही पेन्शन कमी केल्याचा आदेश काढलेला नाही. फाईलवर कुठेही कपात दिसणार नाही. तरी नानांची पेन्शन दरवर्षी कमी होते आहे आणि ती कमी होत असल्याचं तुमच्याच मंत्रालयाचा निर्देशांक दर महिन्याला सांगतो आहे. कामावर असेपर्यंत ज्या माणसाच्या मजुरीला निर्देशांक लागू होता, त्याला ५८ वर्षं पूर्ण झाल्या दिवसापासून तो लागू नाही. किराणा दुकानात मात्र त्याला ५८ च्या आधीचा भाव लागत नाही.

तुमच्यापैकी एखाद्या विश्वस्ताच्या मनात काय येईल ते मला कळतं, कारण मीही ते गणित केलं आहे. नानांच्या नावाने बारा वर्षांत पन्नास हजारही जमा झाले नसतील. घेतले मात्र सव्वा लाखाच्या वर. मग तक्रार कशाची? दर वर्षी निधीचं मूल्यांकन होतं, त्यात तूट दिसते, ती कशी भरायची?

तूट खोटी आहे असं मी म्हणत नाही. ती कशी तयार झाली ते बघा, एवढंच म्हणतो. पेन्शनसाठी धरायच्या पगाराची मर्यादा १९९५ मध्ये ५,००० होती. २००१ मध्ये ६,५०० झाली आणि तेरा वर्षं तिथेच बसली. सप्टेंबर २०१४ पासून ती १५,००० आहे. आज एखाद्या कामगाराला २५,००० पगार असला तरी पेन्शनकडे जातात १५,००० चे ८.३३ टक्के, म्हणजे १,२५० रुपये. सरकारचा १.१६ टक्केही त्याच मर्यादेवर, म्हणजे एका माणसामागे महिन्याला जास्तीत जास्त १७४ रुपये. मर्यादा गोठवली की वर्गणी गोठते, वर्गणी गोठली की निधीत भर पडत नाही, आणि मग पेन्शनवाढ मागायला आलेल्या माणसाला सांगितलं जातं की निधीत पैसे नाहीत. ३५ वर्षं पूर्ण १५,००० च्या मर्यादेवर भरणाऱ्याला सुद्धा सूत्राने साधारण साडेसात हजारच मिळतात. ही मर्यादा कामगाराने ठरवलेली नव्हती. ही योजना त्याने मागून घेतलेलीही नव्हती, ती सक्तीची होती. जॉबरना "तुम्ही फंड घ्या नाहीतर पेन्शन घ्या" असं मी विचारलं नव्हतं, मला तसं विचारायची मुभाच नव्हती.

शिवाय ही योजना म्हणजे एक विमाच, आणि विमा म्हटला की त्यात भरणारे सगळेच घेणारे नसतात. आमच्या ब्लोरूम आणि कार्डिंग खात्यात कापसाच्या भुकटीत आयुष्य काढलेली कितीतरी माणसं ५८ बघायच्या आधीच गेली. त्यांचे पैसे कुठे गेले असं त्यांच्या बायकांनी कधी विचारलं नाही. विधवा पेन्शन मिळते आहे तेवढ्यावर त्या गप्प आहेत. ती सुद्धा किमान १,०००.

२०१३ मध्ये राज्यसभेच्या याचिका समितीने या योजनेवर अहवाल दिला होता. समितीचे अध्यक्ष भगतसिंह कोश्यारी होते, जे पुढे आमच्या महाराष्ट्राचे राज्यपाल झाले. समितीने किमान पेन्शन ३,००० करावी आणि ती महागाईशी जोडावी असं सुचवलं होतं. सरकारचा वाटाही १.१६ वरून ८.३३ टक्क्यांवर न्यावा असं म्हटलं होतं. संसदेच्या समितीने हे सुचवल्यावर दुसऱ्याच वर्षी १,००० ठरले. त्या ३,००० ना नुसता सप्टेंबर २०१४ पासूनचा निर्देशांक लावला तरी आज ५,००० होतात. बुलढाण्यात आमच्यासारखे म्हातारे वर्षानुवर्षं साखळी उपोषणाला बसले, दिल्लीत जंतरमंतरला गेले. त्यांची मागणी ७,५०० अधिक महागाई भत्ता अशी आहे. मी त्यात कधी बसलो नाही, गुडघ्यामुळे जमलं नाही, पण बसलेल्यांपैकी कोणी चैनीसाठी मागतोय असं मला वाटत नाही.

एक तुलना करतो आणि ती करताना कोणाचं काही काढून घ्यावं अशी इच्छा नाही. एप्रिल २०२५ पासून केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांसाठी एकीकृत पेन्शन योजना आली. त्यात दहा वर्षं सेवा झालेल्याला महिन्याला किमान १०,००० रुपयांची हमी आहे आणि त्यावर महागाई सवलत. चांगलं केलं. आमच्याही योजनेत अट दहा वर्षांचीच आहे. तीच दहा वर्षं, तेच सरकार, पण एका बाजूला १०,००० आणि निर्देशांक, दुसऱ्या बाजूला १,००० आणि निर्देशांक नाही. नानांच्या शेजारी एक म्हातारी शेतमजूर बाई राहते. तिला श्रावणबाळ योजनेचे १,५०० मिळतात. तिला ते मिळायलाच हवेत, तिच्या कष्टाला तर कोणी फंडही कापला नाही. पण बारा वर्षं दरमहा वर्गणी गेलेल्या माणसाला तिच्यापेक्षा पाचशे कमी, हे सामाजिक विम्याच्या कुठल्या हिशेबात बसतं ते मला टाइम ऑफिसमध्ये कोणी शिकवलं नव्हतं.

हे फक्त म्हाताऱ्यांचं आहे असं समजू नका. माझा पुतण्या नाशिकला एमआयडीसीत ठेकेदाराकडे आहे. त्याला विचारलं, तुझा फंड किती झाला? त्याने मोबाईलवर पासबुक उघडून आकडा सांगितला. पेन्शनचा रकाना दाखवला तर म्हणाला, "काका, ते राहू द्या, ते काही मिळायचं नाही." तो २८ वर्षांचा आहे. त्याला अजून ३० वर्षं भरायचं आहे आणि त्याचा विश्वास आत्ताच उडालेला आहे. नोकरी बदलताना त्याची मित्रमंडळी दहा वर्षं व्हायच्या आतच पेन्शनचे पैसे काढून मोकळी होतात, कारण हातात पडेल ते खरं. योजनेत थांबलेल्या आपल्या बापांना त्यांनी हजार रुपयांवर बघितलं आहे. २०१४ नंतर पहिल्यांदा नोकरीला लागलेला आणि सुरुवातीचाच पगार १५,००० च्या वर असलेला माणूस तर या पेन्शनमध्ये येतच नाही. म्हणजे एका बाजूने नवे येत नाहीत, दुसऱ्या बाजूने आलेले निघून जातात. वर्गणी भरणारी तरुण माणसं टिकली नाहीत तर तुमच्या मूल्यांकनातली तूट कुठलाच तज्ज्ञ भरून काढू शकणार नाही. त्या तरुणांना योजनेत टिकवायचा रस्ता नानांच्या खात्यावरून जातो.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता लागू झाली. तिच्यात घरपोच जेवण पोचवणारी, टॅक्सी चालवणारी मुलं पहिल्यांदाच केंद्राच्या कायद्यात आली. त्यांच्या कंपन्यांनी उलाढालीच्या एक ते दोन टक्के निधीत घालायचे आहेत. माझ्या भाच्याने दोन वर्षं पुण्यात पाठीवर ती चौकोनी पिशवी घेऊन मोटरसायकल चालवली आहे, म्हणून मला याचं मनापासून बरं वाटलं. पण माझा अनुभव मला सांगतो की वर्गणीचा टक्का कायद्यात पहिल्या दिवशी लिहिला जातो आणि मिळणाऱ्या रकमेची वाढ "पुढे बघू" म्हणून सोडली जाते. १९९५ ला तसंच झालं. त्या मुलांसाठी जी काही योजना कराल तिच्यात महागाईशी जोडणी पहिल्याच पानावर लिहा. नंतर लिहायला कोणी येत नाही.

एक गोष्ट माझ्या मनाला फार लागून राहिली आहे, ती सांगून टाकतो. आमची गिरणी बंद पडायच्या आधी शेवटचे कित्येक महिने पगारातून फंड कापला जात होता, पण भरला जात नव्हता. चलन मी तयार करायचो, चेक निघायचा नाही. पगारपत्रकावर कपात दिसते, खात्यात जमा दिसत नाही. ज्यांनी पुढे क्लेम केला त्यांची सेवा मोजताना त्या महिन्यांवर घोळ झाला. काहींना दहा वर्षं पूर्ण व्हायला तेवढेच महिने कमी पडत होते. मी तेव्हा कोणाला पत्र लिहिलं नाही, नोकरी जाईल या भीतीने, आणि नोकरी तशीही गेली. बंद कारखान्यांच्या अशा अडकलेल्या महिन्यांचा निकाल कामगाराच्या बाजूने, पगारपत्रकाच्या पुराव्यावर, ठराविक मुदतीत लावा. ज्याच्या पगारातून कापलं गेलं आहे त्याने भरलं आहे असंच धरलं पाहिजे.

बाकी मागण्या तुमच्याकडे अनेक संघटनांनी दिल्या आहेत, मी त्या पुन्हा लिहीत नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या २०२२ च्या निकालानंतर जास्त पगारावरच्या पेन्शनचा विषय खूप गाजला, त्यातल्या लोकांचंही दुःख खरं आहे. पण नानांचा पगार मर्यादेच्या आतच होता, त्या निकालाने त्यांना काही मिळालं नाही. त्यांच्यासाठी मला एकच ठराव हवा आहे: किमान पेन्शन आजच्या भावाने नव्याने ठरवा आणि ती, तसंच सूत्राने मिळणारी प्रत्येक पेन्शन, दर वर्षी औद्योगिक कामगारांच्या निर्देशांकाप्रमाणे वाढेल असं योजनेतच लिहा. सोबत पगाराची मर्यादाही त्याच निर्देशांकाला बांधा, म्हणजे वर्गणीही वाढत राहील आणि तूट वाढणार नाही. जे कमी पडेल ते सरकारने घालावं. किमान पेन्शनसाठी आजही सरकार अंदाजपत्रकातून पैसे देतंच आहे, म्हणजे तत्त्व मान्य आहे, फक्त रक्कम २०१४ ची आहे.

तुमच्या मंडळात कामगारांचे दहा प्रतिनिधी आहेत. त्यांना माझी वेगळी विनंती. पुढच्या बैठकीच्या विषयपत्रिकेवर हा ठराव घालायला तुमच्यापैकी एकानेही हात वर केला तरी पुरे. चर्चा झाली, मतं पडली आणि ठराव हरला तरी चालेल. कोण काय म्हणालं ते मी नानांना वाचून दाखवीन.

पत्रासोबत एक तक्ता जोडला आहे. सप्टेंबर २०१४ पासूनचा निर्देशांक, जुन्या मापात आणलेला, आणि समोर त्या त्या वर्षी हजार रुपयांची किती पेन्शन व्हायला हवी होती तो आकडा. हाताने लिहिला आहे, जुन्या सवयीने तांबड्या शाईत बेरजा केल्या आहेत. कुठे चूक आढळली तर कळवा, मी दुरुस्त करून पाठवीन.

आपला विश्वासू,
एक निवृत्त टाइमकीपर
खान्देश